पातळी

सातपूरला मिसळीसाठी थांबायचं नाही, असं ठरलं होतं.
थांबलो.
श्रीरंगने रस्सा दुसऱ्यांदा मागवला
आणि मामंजी टेबलावरच्या जगाकडे बघत बसले.
"निम्म्याला दोन बोटं कमी," म्हणाले,
कुणालाच उद्देशून नाही.

चौतीस वर्षं धरणावरची पट्टी वाचली त्यांनी.
सकाळी आठ, संध्याकाळी सहा.
मी या घरात आले त्याच आठवड्यात
सासूबाईंनी कानात सांगितलं होतं,
"नुसती जेवायला हाक मारलीस तर येणार नाहीत.
आधी आकडा विचार."

अंजनेरीच्या चौकीवर वनरक्षकाने
माणशी पावती फाडली,
पाच बाटल्या मोजून अनामत घेतली.
फलकावर एका फुलाचं चित्र,
या डोंगरावरचं, फार दुर्मिळ.
"कुठे आहे?" निनादने विचारलं.
"हंगाम गेला. पण कंद आहेत खाली.
पाय बघून टाका."
मग बराच वेळ आम्ही सगळे
बाळ झोपलेल्या खोलीतून चालावं तसे चाललो.

पायऱ्यांवर वानराने कुंदाताईंची पिशवी ओढली.
भाकरी वाचली, केळी गेली.
"मारुतीचं आजोळ हे," ताई म्हणाल्या,
"जकात लागणारच."
मामंजी दर वीस पायऱ्यांना थांबत,
दम लागलाय असं दिसू न देता
ब्रह्मगिरीकडे हात करून सांगत,
"गोदावरी तिकडून निघते."
जसे काही आम्ही नाशिकचे नव्हतोच.

तळं आलं.
फोटोत मोठं वाटलं होतं.
वाऱ्याने बारीक चुण्या पडलेल्या,
पलीकडे काळा कडा आणि त्याच्यावर
गिधाडांच्या विष्ठेची पांढरी रेघ.
"एवढंच?" निनाद म्हणाला.

मामंजी काठाकाठाने फिरले.
खांब शोधला, पट्टी शोधली,
निदान चुन्याची एखादी खूण.
काही नव्हतं.
ज्या पाण्याला कुणी कधी आकडाच विचारला नाही
त्याच्यासमोर उभे राहिले,
लग्नघरात चुकीच्या मांडवात शिरलेल्या
पाहुण्यासारखे.

मग एक चपटा दगड उचलून
पाण्याच्या अगदी ओठाशी ठेवला.
खिशातून डायरी काढली, गेल्या सालची.
सासूबाई गेल्या त्या दिवसापासून कोरी.
"अकरा दहा," म्हणाले, आणि लिहिलं.

ठेचा, भाकरी, दही, एक सांडलेला डबा.
ऊन पाठीवर घेऊन सगळे आडवे झाले.
मी डोळे मिटून जागी होते.
निनाद उठला, चप्पल न घालता गेला
आणि तो दगड
बोटभर मागे सरकवला.
का, ते मी अजून विचारलेलं नाही.
कंटाळा असेल. कदाचित
एवढं चढून आल्यावर आजोबांना
काहीतरी घडलेलं मिळावं म्हणून.

तीन वाजता मामंजी वाकले.
दगडाची जुनी बैठक अजून ओली होती,
चिखलात त्याचा ठसा स्पष्ट.
त्यांनी त्या ठशावर बोट फिरवलं.
निनाद आभाळात फार लक्षपूर्वक
घार बघत होता. घार नव्हती.

डायरीत आता असं आहे:
अंजनेरी तळे. दुपारी तीन.
उतार, एक बोट.
वाचन करणार, निनाद श्रीरंग देवरे.

उतरताना गुडघे बोलू लागले, सगळ्यांचेच.
चौकीवर बाटल्या चारच भरल्या.
पाचवीवरून श्रीरंग आणि कुंदाताई
महिरावणीपर्यंत भांडले.

सहा वाजले तेव्हा सातपूरच्या सिग्नलला होतो.
मामंजी डाव्या खिडकीतून पाहत होते,
कंपन्यांच्या पत्र्यांपलीकडे,
जिथून धरण दिसत नाही.

निनादने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.
"आजोबा," म्हणाला, "किती?"